खाडीतली पायपेटी

‘फुकट ते पौष्टिक’ ही म्हण ज्याने काढली, त्याने पायपेटी होडीतून आणलेली नसणार. मी आणली आहे. म्हणजे, पेटी आली. माझं काय झालं ते ओघाने येईलच.

पायपेटी म्हणजे टेबलाएवढी, स्वतःच्या पायांवर उभी राहणारी पेटी. खाली दोन पावट्या असतात. त्या पायांनी दाबल्या की भाता हलतो आणि दोन्ही हात वाजवायला मोकळे राहतात. खाडीपलीकडे, उत्तनच्या बाजूला एका देवळात विजेवरचा नवा ऑर्गन आला आणि तिथल्या फादरांनी निरोप धाडला, की जुनी पायपेटी हवी असेल तर घेऊन जा. आम्ही वसईचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो, तेव्हा वाचकांनी गोंधळू नये. आमच्या देवळातली हातपेटी उंदरांनी आतून खाल्ली होती. तिच्यावर ‘आलेलुया’ वाजवलं की एक सूर लागायचा आणि एक उंदीर बाहेर यायचा.

ही पेटी पंधरा मेला संध्याकाळी सहाच्या आत आमच्या गावी, गासला, पोचणं का जरुरीचं होतं, तेही सांगितलं पाहिजे. साल सत्त्याहत्तर. आमचे फादर निकोलस अकरा वर्षांनी गाव सोडून चालले होते आणि त्या रविवारी सहाला देवळाच्या अंगणात त्यांच्या निरोपाचा कार्यक्रम होता. मी शाळेत गणित शिकवतो आणि चौदा वर्षं देवळातला कॉयर, म्हणजे गाणाऱ्या मुलांचा ताफा, चालवत होतो. ‘होतो’ असं म्हणायची पाळी आग्नेलने आणली होती. वय बावीस, केस मानेपर्यंत, गळ्यात गिटार. नवे फादर सोमवारी यायचे होते, तरुण होते आणि त्यांना गिटार फार आवडते, असं गावात पसरलं होतं. निरोपाला ज्याचं गाणं होईल त्याचा यापुढे कॉयर, हे तोंडाने कोणी बोललं नव्हतं, पण विहिरीवरच्या बायकांनासुद्धा ठाऊक होतं. मी तीन महिने खपून निरोपगीत रचलं होतं. चार कडवी. त्याला पायपेटीचा भरदार सूरच हवा. ते गिटारवर वाजवणं म्हणजे श्रीखंडाला लसणाची फोडणी.

पेटी आणायची ठरली आणि सल्ले सुरू झाले. एकाने ट्रक सांगितला, एकाने बैलगाडी. एकाने तर ‘पेटी तिथेच राहू द्या, फादरांनाच पलीकडे न्या’ असंही सुचवलं. मी सरळ रस्त्याचा माणूस, म्हणून आधी रेल्वेच्या पार्सलच्या खिडकीवर गेलो.

"काय वस्तू आहे?" बाबूने विचारलं.

"पायपेटी."

"आत काय आहे?"

"आत काही नाही. पेटीच आहे."

"म्हणजे रिकामी?"

"रिकामी नाही हो, आत सूर आहेत."

त्याने पेन खाली ठेवलं. "हे बघा, वाद्य असेल तर खोक्यात बंद करून आणा. फर्निचर असेल तर पाय सोडवून आणा. दोन्ही असेल तर साहेब मंगळवारी येतात."

कार्यक्रम रविवारी होता. मी परत आलो, तर शेजारचे नरहरीभाऊ केळीला पाणी सोडत उभेच होते. "मास्तर, होडी," ते म्हणाले. "तिकडून वसईचं पाचूबंदर सरळ पाऊण तास. फक्त पाणी भरतीचं धरा. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ मिळते. आमच्या आज्यापासून चुकलेलं नाही."

गुणाकार-भागाकार म्हटल्यावर मला अंगात बळ आलं. घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं. पंधरा मे, वद्य द्वितीया. दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड. म्हणजे दीडला पूर्ण भरती. बाराला निघायचं, चढत्या पाण्यावर एकच्या आत वसईला.

"पण एकदा होडीवाल्याला विचारा की," माझी बायको इझाबेल म्हणाली.

"मी? गणिताचा मास्तर? होडीवाल्याला गणित विचारू?"

यावर ती आमच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणाली. ते घरातच राहिलेलं बरं.

होडीवाला निघाला रुडॉल्फ. पाचूबंदरचा, पंचविशीतला, मशीनच्या होडीचा मालक. पाचवीत दोन वर्षं माझ्या हाताखाली होता. अपूर्णांकांवरून त्याच्या तळहातांवर मी किती छड्या मारल्या असतील याचा हिशेब मला नाही. त्याला असावा. रविवारी पलीकडच्या धक्क्यावर चौघांनी मिळून पेटी चढवली, तेव्हा तो पाण्याकडे बघत उभा होता.

"मास्तर, पानी उतरतंय."

"उतरत नाही, चढतंय. आज तिथी दुसरी. दोन त्रिक?"

रुडॉल्फने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "सहा."

"भागिले चार?"

तो पाठीमागेच बोटं मोजत राहिला. "दीड."

"शाबास. दीडला भरती. आता वाजलेत बारा. मग पाणी काय करेल?"

"चढंल," रुडॉल्फ म्हणाला. बोलताना त्याची नजर धक्क्याच्या एका पायरीवर होती. ती पायरी मघाशी पाण्याखाली होती आणि आता कोरडी होत चालली होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं उत्तर बरोबर आलं, पण त्याचा चेहरा काही खुलला नाही.

होडीत आणखी तीन उतारू होते. कोणी कोणाच्या ओळखीचं नाही. अनसूयाबाई म्हणून साठीच्या एक बाई होत्या, लेकीच्या डोहाळजेवणाला डबाभर लाडू घेऊन निघालेल्या. कार्मिन नावाची कोळीण होती, भाचीच्या साखरपुड्यासाठी पापलेटांची टोपली मांडीशी घट्ट धरून बसलेली. तिसरे विद्याधरपंत, कुठल्याशा कोर्टातून निवृत्त झालेले शिरस्तेदार. मे महिन्यात अंगात कोट, हातात छत्री आणि काखेत कागदांची पिशवी. बसल्या बसल्या त्यांनी होडीचा नंबर टिपून घेतला.

साडेबाराच्या सुमाराला होडीखाली घर्रकन आवाज झाला आणि आम्ही सगळे पेटीवर कलंडलो. होडी वाळूवर बसली होती. नको असलेला पाहुणा बसतो तशी ऐसपैस बसली, लवकर उठायचं लक्षण दिसेना.

"आरं पोरा, तुला वाळू दिसली नाय?" कार्मिनने विचारलं.

"दिसली."

"मंग?"

"मास्तर म्हनले पानी चढतंय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शांतपणे गणित समजावून सांगितलं. फळा नव्हता, म्हणून बोटाने हवेत लिहिलं. अनसूयाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथी कुठली धरलीत, मास्तर?"

"वद्य द्वितीया."

"द्वितीया? अहो, काल माझी एकादशी झाली! दिवसभर उपास होता. आज सकाळी पारणं करून निघालेय मी."

"कॅलेंडरात द्वितीया आहे, बाई."

"कॅलेंडर चुकेल. माझं पोट कसं चुकेल?"

विद्याधरपंतांनी कागद काढला. "द्वादशी. बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. भरती सकाळी नऊलाच होऊन गेली. तीनला पूर्ण ओहोटी. गणित बरोबर, तिथी चुकीची."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या बैठकीत लटकतंय ते कॅलेंडर गेल्या सालचं. त्याच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मारियेमातेचं चित्र आहे. पवित्र चित्र कोण कचऱ्यात टाकणार? आमच्याकडे ख्रिस्ती घरांत अशी चार-चार वर्षांची कॅलेंडरं भिंतीला असतात. नव्यावर नुसतं गुलाबाचं फूल होतं, म्हणून इझाबेलने ते स्वयंपाकघरात लावलं. मी मारियेमातेवर विश्वास ठेवून शहात्तर सालच्या भरतीवर निघालो होतो. हे मी होडीत सांगितलं नाही. ‘छपाईचा दोष असावा,’ एवढंच म्हणालो. त्याबद्दल पुढे कन्फेशन दिलं आहे.

पाणी भराभर ओसरलं. आजूबाजूला वाळू उघडी पडली, थोड्या अंतरावर एक काळा कातळ वर आला आणि भर खाडीत आमचं पाच जणांचं एक गाव झालं. गाव झालं की सरकारी काम आलंच. विद्याधरपंतांनी पंचनामा सुरू केला. "होडी दिनांक मजकुरी बारा वाजून एकतीस मिनिटांनी..." असं मोठ्याने म्हणत त्यांनी जबान्या घेतल्या. रुडॉल्फची जबानी ‘मास्तर म्हनले’ या दोन शब्दांतच आटोपली. पुढे अडचण अशी आली, की पंचनाम्याला पंच पाच लागतात, असं त्यांचं म्हणणं. माणसं पाच होती, पण त्यातला मी आरोपी. "आरोपी पंच होऊ शकत नाही," ते गंभीरपणे म्हणाले. कार्मिनने पापलेटाची टोपली पुढे सरकवली. "ह्यातला एक घ्या. गप बसतो नि समदं बघतो." पंतांनी कागद घडी करून पिशवीत ठेवले.

मग आम्ही ओरडून पाहिलं. लांबून दोन होड्या गेल्या. त्यांनी आम्हाला हात केले, आम्ही त्यांना केले आणि दोन्हीकडे समाधान झालं. ऊन डोक्यावर आलं. रुडॉल्फने वल्ह्यांवर शीड टाकून सावली केली. अनसूयाबाईंनी डबा उघडला आणि डोहाळजेवणाचे लाडू पाच ठिकाणी वाटले. "लेकीला काय सांगू?" एवढंच त्या म्हणाल्या. मला तो लाडू घशाखाली उतरेना. पण वाया घालवणं बरं दिसत नाही, म्हणून मी दुसराही घेतला.

दीड वाजला. माझ्या हिशेबाची भरती. होडीखाली एक खेकडा फिरत होता.

विद्याधरपंतांची नजर मघापासून पेटीवर होती. "जरा पावटी दाबून पाहू?" त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांचा आवाज शिरस्तेदाराचा नव्हता. तरुणपणी ते म्हणे एका नाटक मंडळीत तीन वर्षं होते. पायपेटीच्या शेजारी बसून तंबोरा धरायचे. मालकांनी पेटीला कधी हात लावू दिला नाही. पेटीवाले जेवायला गेले की चोरून शिकले. पुढे वडिलांनी कोर्टात चिकटवलं. त्यांनी कोट काढला, नीट घडी करून छत्रीवर ठेवला आणि पेटी उघडली. पहिलाच सूर असा लागला, की कातळावरचे पाणकावळे उडाले.

मला तर आयतीच तालीम मिळाली. मी वही काढून माझं गीत म्हणून दाखवलं. "हे धर्मधुरंधर, कृपासागर, प्रणिपात तुज वारंवार." पंतांनी दुसऱ्या खेपेलाच चाल उचलली. चारही कडवी झाली आणि मी नम्रपणे खाली पाहत थांबलो.

"छान आहे," अनसूयाबाई म्हणाल्या. "कोणासाठी?"

"आमचे फादर गाव सोडून चाललेत."

"मग तो चाललाय, असं कुठं म्हटलंय यात?"

मी वही चाळली. चार कडव्यांत सूर्य होता, चंद्र होता, कल्पवृक्ष होता. फादर निकोलस चालले आहेत, हे कुठेच नव्हतं.

"तो करायचा काय, ते सांगा," त्या म्हणाल्या.

मी जरा घुश्शातच सांगितलं, की करायचे काय, कोणी आजारी पडलं की चपला वाजवत घरी यायचे. रात्र असो, चिखल असो. हिंदूच्या घरी, ख्रिस्त्याच्या घरी. आमची आई गेली तेव्हा तीन दिवस उंबऱ्यात बसून होते. सांगता सांगता माझा घुस्सा कुठे गेला कळलं नाही. अनसूयाबाई जात्यावर बसल्यासारख्या डुलत होत्या. मग त्यांनी गळा सोडला:

"चालला बाबा आज, चप्पल वाजे दारी,
कुणाच्या दुखण्याला कोण येईल आता घरी..."

पंतांनी ते तसंच पेटीवर धरलं. कार्मिनने पदर डोळ्यांना लावला आणि वरच्या पट्टीत साथ केली. तिचा आवाज बाजार गाजवणारा, तो वसईच्या किल्ल्यापर्यंत गेला असेल. रुडॉल्फ मशीनच्या झाकणावर ठेका धरून बसला. तो ठेका अचूक होता. अपूर्णांक न येणाऱ्या मुलाला हे कसं जमलं, ते मला आजही कळलेलं नाही.

"हे गाणं नव्हे, हे बोलणं झालं," मी म्हणालो. कोणी ऐकलं नाही. शेवटी तडजोड अशी झाली, की पहिली दोन कडवी माझी आणि तिसरं अनसूयाबाईंचं. आपापलं काम जरा मागे ठेवून तिघंही आधी गासला यायला तयार झाली. माझ्या तिसऱ्या-चौथ्या कडव्यातले कल्पवृक्ष वहीतच राहिले. कवी म्हणून मला झोंबलं ते झोंबलंच.

चारच्या पुढे पाणी परत आलं. होडीच्या बुडाला गुदगुल्या होऊ लागल्या. रुडॉल्फ खाली उतरून कमरेत वाकून बघत होता. तो वर आला आणि पायाच्या अंगठ्याकडे पाहत म्हणाला, "मास्तर, रागावू नका. समदे असले तर सवासहाला सुटंल. एक मानूस नायतर ही पेटी उतरली, तर पाचला."

कार्मिनने पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मासे डोळ्यांनी तोलायची तिला सवय. "पेटी आनि मास्तर, दोगं सारकेच," ती म्हणाली.

सवासहाला सुटलो तर सगळं संपणार होतं. पेटी कातळावर ठेवून मी गेलो, तर खाऱ्या पाण्याने तिचा भाता जाणार आणि गाणं गिटारवर होणार. मी एकेकाकडे पाहिलं. रुडॉल्फशिवाय होडी चालणार नाही. पंतांशिवाय पेटी वाजणार नाही, कारण खरं सांगायचं तर ते माझ्यापेक्षा बरे वाजवत होते. अनसूयाबाईंशिवाय तिसरं कडवं नाही. कार्मिन तर वरची पट्टी. गणितात एकेक पद काढून टाकत गेलं की शेवटी जे उरतं ते उत्तर. मी उरलो होतो.

"गाणं सहाला झालंच पाहिजे," मी म्हणालो. "पंत, तिथे आग्नेल म्हणून गिटारवाला मुलगा असेल. आज मुलं त्याने सांभाळायची. त्याला सांगा, दुसऱ्या कडव्यानंतर घाई करायची नाही. मुलं तिथे पळतात." एवढं बोलून मी धोतर खोचलं आणि उतरलो. फार वाईट वाटत होतं. चौदा वर्षांत एक रविवार चुकवला नव्हता आणि ज्या दिवशी असायलाच हवं होतं त्या दिवशी मी कातळावर.

"तासाभरात येतो मास्तर," रुडॉल्फ ओरडला. "कातळ बुडत नाय. नुसता वला होतो!"

होडी पाचला खरंच सुटली. लांब जाईपर्यंत पेटीचा सूर ऐकू येत होता. मग तोही थांबला. कातळावर मी आणि पंख पसरून वाळवणारा एक पाणकावळा. त्यानेही माझी विशेष दखल घेतली नाही. पाणी वर चढत आलं, चपला भिजल्या, मग पाऊल भिजलं. घड्याळात सहा वाजून दहा मिनिटं झाली. आता माळ घालून झाली असेल. आता मुलं उभी राहिली असतील. मी उभा राहिलो, गावाकडे तोंड केलं आणि हात वर करून कॉयरला पहिला ठोका दिला. ऐकू काही येत नव्हतं. तरी दुसऱ्या कडव्यानंतर मी दोन्ही हात पसरून सगळ्यांना थांबवलं आणि मग तिसऱ्यात हलकेच घेतलं. गाणं संपलं, तेव्हा रुडॉल्फचा पत्ता नव्हता. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. करणार काय दुसरं?

साताच्या सुमाराला, ऊन उतरून पाणी तांबूस झालं होतं तेव्हा, होडी दिसली. भरधाव येत होती. कातळाजवळ यायच्या आधीच त्यातून कोणीतरी कपड्यांसकट उडी मारली. छातीएवढ्या पाण्यातून तो माझ्यापर्यंत आला आणि काही न विचारता त्याने मला खांद्यावर उचललं. आग्नेल होता. पांढरी पॅन्ट, नवा शर्ट, सगळं चिखलात. मी पोत्यासारखा होडीत पडलो, तर समोर झगा गुडघ्यापर्यंत खोचलेले फादर निकोलस, गळ्यात झेंडूची माळ तशीच.

"मास्तर, घाबरू नका, आता सुटलात," ते माझा हात चोळत म्हणाले. "बंदरावरचा माणूस सायकल मारत आला. म्हणाला, मास्तर कातळावर हात मारतायत, बुडतायत. निम्मं गाव धक्क्यावर उभं आहे."

मी रुडॉल्फकडे पाहिलं. "गानं ऐकाया थांबलो, मास्तर," तो पुटपुटला.

आता ‘हो, बुडत होतो’ म्हटलं असतं तर माझी अब्रू राहिली असती. पण एका दिवसात दुसऱ्यांदा खोटं, आणि तेही फादरांशी, बोलायची माझी छाती झाली नाही.

"फादर," मी म्हणालो, "मी बुडत नव्हतो. कॉयरला टायमिंग देत होतो."

आग्नेल केसांतलं पाणी झटकत माझ्याकडे बघत राहिला. फादरांच्या पोटात आधी बारीक हालचाल झाली, मग ते हसू लागले, इतके की रुडॉल्फने होडी सावरली. हसता हसता त्यांनी माळेच्या टोकाने डोळे पुसले. बराच वेळ पुसत राहिले.

"कितव्या कडव्यावर होतात?" त्यांनी विचारलं.

"या खेपेचं दुसरं संपवलं होतं."

"आम्हीसुद्धा दुसरं संपवूनच उठलो. तिसरं मी ऐकलंच नाही."

मी भिजलेल्या धोतराचा सोगा पिळत बसलो. तेव्हा आग्नेल सरकून माझ्यासमोर येऊन बसला. ओल्या शर्टात कुडकुडत होता. त्याने घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि म्हणाला, "मास्तर, हात वर करा. तिसरं त्या बाईंनी शिकवलंय मला, पण तुम्ही ठोका दिल्याशिवाय मी कसं सुरू करू?"

मी हात वर केला.